महिरपी कंस

लायब्ररी सापडत नाही, म्हणाला लॅपटॉप.
सिंदेवाहीच्या अलीकडे कुणालाच सापडत नाही, म्हटलं,
आणि मोबाईलच्या एका दांडीवर
बारा एमबी आणले मध्यरात्रीपर्यंत.
लाईन गेली. आली. पुन्हा पहिल्यापासून बांधणी.

मग राईस मिलच्या काट्याची वही उघडली:
पुढच्या पानावर धानाचे कट्टे, पाठीमागं डाव.
कवडू गुरनुले विरुद्ध रहेमान टेलर,
तान्हा पोळा, अठ्ठ्याहत्तर.
नावं भरली तर पडद्यावर नुसते रिकामे चौकोन,
दोघंही पटावरून उठून गेल्यासारखे.
युटीएफ-आठ केलं.
परत येऊन बसले.

नववी खेळी: राजा जी-दोन.
बेकायदेशीर खेळी, ओळ एक्केचाळीस.

सकाळी मामांना विचारलं, लिहिताना चुकलं का?
"चुकन काऊन? शह लागला नसन
तं राजा एकडाव घोड्यावानी उडते.
तुह्या मशिनले कोनी सांगतलं नाही?"

सोर्स उघडा होता. नियमांची फाईलही सापडली.
तासभर कर्सर लुकलुकत राहिला तिथं.
एक ओळ बदलायची, तर बाकीचे चार लाख डाव
कुणाच्या गावचे धरायचे?

शेवटी आठव्या खेळीपाशी महिरपी कंस उघडला,
आत लिहिलं: राजा उडाला.
रहेमान हसला. चहा आला.
पुढचा सगळा डावही तिथंच, वहीतल्यासारखा.
कंसातलं ते तपासत नाही,
खोडतही नाही.

मामा पडद्याशी वाकले.
"रहेमानचं नाव पुरं आलं न?"
आलं.
निकालाच्या जागी आपोआप पडलेली चांदणी
मी अजून बदललेली नाही.