नमुना

मिरजेच्या लॅबमध्ये बाटलीवर माझं आडनाव चुकीचं लिहिलं.
मी दुरुस्त केलं नाही.

डॉक्टर विचारत होते, बाहेरचं काय खाल्लं?
म्हटलं, भडंग. गणपती पेठेतलं.
पाणी?
नळाचं. कृष्णेला गढूळ आलंय ना सध्या.
त्यांनी लिहून घेतलं.
नदीवर आळ घेणं इतकं सोपं असतं.

पाच दिवस रक्त, आव, कळा.
आई फोनवर सांगायची, ताकात जिरं घाल.

तिकडे विश्रामबागेत भूपालही पडून होता.
तो सूर्यास्तानंतर जेवत नाही,
पाणी गाळून, वर उकळून पितो,
कांद्याला हात लावत नाही.
त्याच्या डॉक्टरांना उमगेना, याला हे आलं कुठून.
त्याची बायको पातेली
घासलेली पुन्हा घासत राहिली.

रिपोर्ट आले. त्याचा फोटो मी माझ्या कागदाशेजारी धरला.
जंतू एकच.
सहा औषधं लिहिलेली, चारांना दाद देत नाही,
तीच चार दोन्हीकडे.
आमची नावं आजवर
एका कागदावर कधी आली नाहीत.
आताही नाहीत. कागद दोन,
आणि त्यातलं एक नाव धड माझंसुद्धा नाही.

आज परत गेलो. दार लोटून घेतलं.
म्हटलं, डॉक्टर, ते नदीचं खोडा.
त्यांनी पेनाचं टोपण काढलं. वर बघितलं नाही.
बराच वेळ पंखाच फिरत होता.
मग म्हणाले, बसा.
त्यालाही घेऊन या.
घरात कोण कोण असतं त्याच्या?

मला पातेल्यांचा आवाज आला.