एक दाता कमी

ऐरोलीत, दिवा गावच्या खाडीकडल्या गल्लीत
पद्माकर मढवीचं गॅरेज.
गाडी डबल स्टँडवर, मागचं चाक अधांतरी.
तो ते बोटाने फिरवतो, थांबवतो, परत फिरवतो.
दाते झिजून एका बाजूला कललेत,
वाऱ्याने झोपवलेल्या भातासारखे.
"पुढचा, मागचा, चेन, तिन्ही बदल. कितीचा टाकू?"

मी घरून हिशेब करून आलेलो,
वीजबिलाच्या मागे, पेन्सिलीने:
चाळीस भागिले चौदा, दोन पूर्णांक शहाऐंशी.
चाळीस भागिले तेरा, तीन पूर्णांक शून्य आठ.
पुढचा एक दाता काढला
की मागे तीन वाढवल्यासारखं.

मढवी बिलाकडे बघतही नाही.
"ता र्‍हाऊ दे. आधी सांग, तुला जावाचा कया?"

कुठे जायचं.
सोमवार ते गुरुवार ठाणे-बेलापूर रोड.
रबाळे, महापे, तुर्भे, गच्च्यांवरचे मोबाइल टॉवर.
कंटेनरच्या बाजूने ऐंशीने निघताना
इंजिन गप्प हवं,
हँडलवरच्या हातांना मुंग्या नकोत.
शुक्रवारी मुरबाड ओलांडून टोकावड्याच्या आत,
टेकडीवर एकच टॉवर, त्याच्या बॅटऱ्या चोरीला जातात,
म्हणून कुलूप ओढून बघायला मी.
वर जायला रस्ता नाही,
कधीतरी कुणी गेलं होतं एवढीच खूण.
मुरूम, सुटे गोटे, कोरडा ओहोळ,
आणि शेवटच्या वळणावर
पहिल्या गिअरलाही गाडीचा दम तुटतो,
क्लचचा जळका वास येतो,
पाठीमागे बांधलेली अवजारांची पेटी
मला खाली ओढत राहते.

चार दिवस चौदाचे, एक दिवस तेराचा.
बहुमत चौदाला आहे.
पण पडतो मी शुक्रवारीच.
दोनदा. एकदा गुडघा, एकदा आरसा.

"तेरा टाक," म्हटलं.
"टाकतो. पन एक आयकून ठेव.
तुझ्या गाडीचा मीटर चाकावरशी नाय चालत,
गिअरबॉक्सवरशी चालतो.
शंबर जाशील, त एकशे आठ दाखवील."
मग पाना पुसत हसला.
"कंपनी किलोमीटरवर पैशे देते ना?"

देते. साडेतीन रुपये.
मी उत्तर दिलं नाही, पण मनात गुणाकार झालाच.
महिन्याचे पाच-साडेपाचशे, न गेलेल्या रस्त्याचे.
मढवीने तेराचं चक्र तळहातावर तोललं,
"दाता म्हंजे देनारा पन," म्हणाला,
आणि लॉकिंग प्लेट ठोकून बसवली.
चौदाचंही एक नवं घेऊन ठेवलं मी.
पेपरात गुंडाळून, पेटीच्या तळाशी.
जायचं ठिकाण बदललं तर.

शुक्रवार. कल्याण सोडल्यावर
मीटर ऐंशी म्हणतो, खरे चौऱ्याहत्तर.
इंजिन कुरकुरतंय, सहावा आहे तरी
अंगठा सारखा वरचा गिअर शोधतो.
मुरबाडला चहाचा ग्लास धरला
तेव्हा बोटं अजून थरथरत होती.
वाटलं, चुकलं. चौदाच बरं होतं.

मग ते वळण.
पहिला गिअर. क्लच पूर्ण सोडलेला.
गाडी चालू लागली, खरोखर चालू लागली,
गोट्यावर पाय ठेवून, दुसरा बघून,
डोक्यावर हंडा असलेल्या बाईसारखी.
मी काहीच केलं नाही. नुसता उभा राहिलो फुटपेगवर.

वर कुलूप शाबूत. वारा. एक घोरपड दगडाआड गेली.
मीटरवर पंच्याण्णव.
हा रस्ता मला पाठ आहे, अठ्ठ्याऐंशी.
मधले सात कुठल्याच गावातून जात नाहीत,
त्यांच्यावर टपरी नाही, टोल नाही, खड्डा नाही.
टॉवरच्या सावलीत बसून फॉर्म काढला.
निमकर मॅडम फक्त बेरीज तपासतात,
रस्ता कधी तपासत नाहीत.

अठ्ठ्याऐंशी लिहिले.

पहिल्या शुक्रवारी तरी.