करवती काठ

दंडाला रबर बांधून आधी रक्त घेतलं,
दोन नळ्या. त्यात औषध नाही, काही नाही.
"थांबलं की गोठते, काका," म्हणाली डॉक्टर उईके
आणि नळ्या छातीशी धरून धावली
मेडिकलच्या त्या लांब कॉरिडॉरमधून, चपला फटफटत,
जसं कुठं दूध उतू जाऊन राहिलं.

यंत्र घुमू लागलं. बारा मिनिटं.
तो आवाज मी ओळखला.
तांडापेठेत ओसरीवर माय कांड्या भरायची
तेव्हा रहाट असाच बोले:
आधी कुरकुर, मग एकसूर,
मग ऐकू येणंच बंद.

तेवढ्यात इकडे दाढ निघाली.
चाळीस वर्षांच्या खर्ऱ्याचं काळं व्याज लागलेली,
स्टीलच्या वाटीत टण्णकन वाजली.
ती होती तिथं आता विहीर.

नळी उजेडात धरली तिनं.
खाली लाल गाळ, वर जवसाच्या तेलासारखं पाणी,
मधात खरवसाच्या वडीसारखं काही,
फिकट पिवळं, हललं की थरथरणारं.
"हे तुमचंच. बाहेरचं काहीच नाही.
याच्यात धाग्यांचं जाळं असते, डोळ्याला दिसत नाही.
तुम्हाला साखर आहे न, म्हणून भरून राहिली.
जखम लवकर धरते, असा अनुभव आहे."

दोन पत्र्यांमध्ये दाबलं.
पाणी निथळलं, उरलं नखाएवढं कापड.
मी बोट पुढे केलं.
"ना ना, हात नका लावू!"
मग डोळ्यांनीच पोत पाहिला.
दाट. ताणा कुठं सुटलेला नाही.
फणी कोणी ठोकली, कळत नाही.

सत्त्याऐंशी साली आमचा माग मोडला.
लाकूड चुलीत, एक धोटा पोराच्या खेळण्यात,
मी आधी पॉवरलूमवर, मग एटीएमच्या दारात
प्लास्टिकच्या खुर्चीवर.
करवती काठ विणायचो मी,
तीन धोट्यांचं काम, दाताला दात लागलेला,
एक चुकला की वीतभर उसवा.
ते हातातून गेलं, असंच धरून चाललो होतो.

आणि इतकी वर्षं आत, अंधारात,
कोणी तरी बसलेलंच होतं मागावर.
वस्तऱ्यानं गाल कापला तेव्हा,
सायकलवरून पडलो तेव्हा,
मजुरी न मागता.
कावून सांगितलं नाही, बाप्पा?

विहिरीत ते कापड बसवलं, वरून टाके. दोरा काळा.
"रेशीम?" बधिर ओठांतून निघालं "फेफीम".
तरी समजली ती. "हो. रेशीमच."

सातव्या दिवशी गेलो, दुपट्टा बांधून,
ऊन असं की मेडिकल चौकातलं डांबर चपलेला चिकटे.
तिनं आरशात दाखवलं: खड्डा गुलाबी,
कडा एकमेकींकडे सरकलेल्या.
टाके कापले. दोऱ्याचा तुकडा ट्रेमध्ये पडला.

"गाठ फुगीर मारता तुम्ही," मी म्हणालो.
"आमच्यात अशी गाठ फणीत अडकते."
मला वाटलं, रागावेल.
तिनं उरलेलं रेशीम माझ्यापुढे सरकवलं.

हात कापला. मग नाही कापला.
एक वळसा, खालून टोक, ओढ.
तीन पोरं खुर्चीमागे येऊन वाकलेली,
त्यातला एक म्हणाला,
"पुन्हा एकदा, काका. हळू."