कॉलरच्या आत

सोहारला, मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत
सारंगचाचांची लॉन्ड्री.
दर गुरुवारी माझे पाच ॲप्रन,
ॲल्युमिनियम कारखान्याच्या प्रयोगशाळेतले,
आणि पाचव्याच्या घडीत
चार कागद.

ते लगेच वाचत नाहीत. आधी मोजतात.
"पाच नग, चार पानं," म्हणतात,
आणि कॉलरच्या आत, जिथलं फक्त मानेला कळतं,
न जाणाऱ्या शाईनं लिहितात ४१७.
कपड्यांना नि कागदांना एकच नंबर.

बाणकोटचा माणूस.
सातवीत शुद्धलेखनात तालुक्यात पहिला,
आठवीत बोटीवर.
चाळीस वर्षं पांढऱ्या दिशदाशा सरळ करतोय,
म्हणून की काय, माझ्या वाक्यातली चुणी
त्यांना लांबूनच दिसते.

शनिवारी कपडे परत.
कागद पुठ्ठ्याखाली, टाचणी लावून.
समासात शिसपेन्सिल, इतकी फिकी
की दिव्याखाली तिरकं धरावं लागतं.
'समुद्र दोनदा आला. एकदा पुरे.'
'ही आई तुमची वाटत नाही, कुणाचीही वाटते.'
'परंतु-मधला तु ऱ्हस्व. दर वेळी सांगतो.'
एकदा नुसतं: 'खरं?'
त्या एका शब्दानं माझे
दोन आठवडे खाल्ले.

दुकानात मात्र, गिऱ्हाईक असो नसो,
एक अक्षर नाही.
"खळ कमी टाकलीय," एवढंच.
मंडळात मी वाचते तेव्हा लोक टाळ्या देतात.
टाळ्यांना समास नसतो.

मग मी ते लिहिलं.
एका संध्याकाळी वाफेचा पाइप फुटला होता,
दुरुस्तीवाला यायचा होता,
तेव्हा त्यांनी काउंटरमागून सहज सांगितलेलं.
बायको गेली त्या आठवड्यात
पासपोर्ट कफिलाच्या कपाटात,
कपाटाची किल्ली कफिलाबरोबर परदेशी.
मी नाव बदललं. सारंगचा तांडेल केला,
बाणकोटचं हर्णै, लॉन्ड्रीची बेकरी.
शेवटी लिहिलं: 'भट्टीसमोर तो एकटाच रडला.'
द्यावं की देऊ नये,
यात तीन गुरुवार गेले.
चौथ्या गुरुवारी घडीत सरकवलं
आणि पावती न घेताच निघाले.

त्या शनिवारी गेले नाही.
पुढच्या शनिवारी गेले.
"पाच नग." पानांचं नाव नाही.
घरी पुठ्ठा काढला. चारही पानं होती.
पहिली तीन कोरी.
नाही, दुसऱ्यावर एक खूण होती: परंतु.
चौथ्यावर 'रडला'भोवती गोल,
आणि खाली, पहिल्यांदाच शाईनं,
त्याच न जाणाऱ्या:

'बेकरी नको. तुम्हाला बेकरीतलं काही माहीत नाही.
रडलो नाही. त्या दिवशी एका लग्नाच्या
बत्तीस दिशदाशा होत्या. रात्री बत्तीसही दिल्या.
एकीवर इस्त्री टेकून राहिली.
तिचे पैसे मी भरले.
हे लिहा.
माझं नाव नको. तिचं घाला. रुकय्या.'

पुस्तक पुण्याहून आलं तेव्हा पहिली प्रत
ॲप्रनांवर ठेवून पुढे सरकवली.
त्यांनी उघडली नाही.
"मी वाचलंय," म्हणाले, "कच्चं होतं तेव्हा."
मग शाईच्या पेनाचं टोपण काढून
मागच्या पुठ्ठ्याच्या आत लिहिलं ४१७,
आणि न्यायला कुणी न आलेल्या कपड्यांच्या फळीवर
पुस्तक ठेवलं,
अगदी वर,
जिथं वाफ पोचत नाही.