कूलरमागची भिंत

कन्ना चौकातल्या दवाखान्यात
नवा नियम रंगवायला बोलावलं मला.
रुग्णांचे हक्क, एकूण सतरा ओळी,
निळ्यावर पांढरं.
"सोमवारी तपासणी आहे. तिथं लिही, कूलरमागं."

अकराव्या ओळीशी ब्रश थांबला:
बिल थकलं म्हणून मृतदेह अडवता येणार नाही.

गेल्या चैत्रात ही ओळ नव्हती.
अंबूबाईनं विडी कारखान्यातून उचल आणली,
यल्लप्पानं तीन गठ्ठे टॉवेल पडेल भावानं दिले,
तेव्हा कुठं दिवेलागणीला
आमचा व्यंकटेश खाली आला,
स्ट्रेचरवरून.

ती ओळ मी
दोन नंबर मोठ्या ब्रशनं ओढली.

डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले,
"अक्षर बिघडलं की रे इथं."
म्हटलं, कूलरचं पाणी मुरलंय साहेब भिंतीत,
फुगणारच.