सतरावं पान

लेट्रिममध्ये गाई विकल्यावर गोठा रिकामा पडला,
तिथे कॉलमन टुईने छापयंत्र आणून बसवलं.
गव्हाणीत कागदाचे गठ्ठे.
पहिल्या तीन पुस्तकांना शेणाचा वास होता,
चौथ्याला, अखेर, शाईचा.

जुने आयरिश खिळे त्याला
बंद पडलेल्या मठशाळेतून मिळाले,
अठरा अक्षरं, आणि एका डबीत
सुटी टिंबं, मोहरीएवढी.

पाचवं हस्तलिखित डर्व्ला हॅनिगनचं.
चाळीस पानं, एकही वाक्य पुरं नाही.
सतराव्या पानावर नुसती टिंबं.
खरं तर अक्षराच्या डोक्यावर बसून
त्याचा उच्चार मऊ करायचा, एवढंच त्यांचं काम;
इथे डोकीच नव्हती.

'अक्षरं टाकायची राहिली का गं?'
'राहिली नाहीत. गेली.
आमच्या घरातून दोन पिढ्यांपूर्वी.
मऊपणा तेवढा उरलाय, तो छाप.'

डब्लिनहून संपादकांचं पत्र आलं,
जाड, दुधी कागदावर.
प्रयोग स्तुत्य आहे, परंतु
आपल्या काव्यपरंपरेशी त्याचं नातं दिसत नाही.
म्हणजे दलदल नाही, दगडी कुंपण नाही,
जहाजात बसून गेलेलं कुणी नाही.
कॉलमनने पत्राच्या पाठीवर
सतराव्या पानाचं प्रूफ काढलं.
कागद खरंच चांगला होता.

नोव्हेंबरात वादळ आलं, तीन दिवस वीज नाही.
डर्व्ला गोठ्यात पोत्यांवर उताणी पडली,
जुळलेल्या खिळ्यांची जड तबकडी पोटावर,
बोटांनी चाचपत,
ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत.

दाराशी कॉलमनला मास्तर आठवले:
पूर्वी कवींचे शिष्य
बिनखिडकीच्या खोलीत असेच निजायचे,
पोटावर धोंडा ठेवून, दिवसभर अंधारात,
आणि कविता पुरी झाली
की मगच कुणीतरी दिवा आणायचं.

त्याने तिला हे सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर ती ताडकन उठली असती,
तबकडी उलटली असती,
आणि अठरा अक्षरं पुन्हा निवडायची म्हणजे
आठवडा गेला असता.

'झालं का?' एवढंच विचारलं.
'थांब. एक टिंब सापडत नाहीये.'

पत्र्यावर वारा आपटत होता.
एका हातात कंदील, दुसऱ्यात काडेपेटी,
कॉलमन टुई
काही न पेटवता उभा राहिला.