मी इंदू बोलतोय

आधी कुठल्यातरी शहरातल्या बाईचा आवाज होता.
इस्त्री केलेला.
"आपल्या परिसरात वन्य हत्तीचा वावर आढळून आला आहे."
अर्ध्या आंबेमोळने फोन कापला.
कर्जवाली असेल, विम्यावाली असेल.
त्या रात्री विठू येरुडकराची केळी गेली
आणि पाण्याची टाकी चेंडूसारखी ओढ्यात.

मग आजऱ्याहून फॉरेस्टचा पोरगा आला, निहाल मुजावर,
चष्मा, पाठीवर सॅक, बुटांना चिखल.
म्हणाला, या गावाला कुणाचं ऐकायची सवय आहे?
सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.
वीस वर्षं डेअरीच्या कर्ण्यावरून मीच सांगते,
कुणाची फॅट लागली नाही, पेंड कधी येणार,
बिल का थकलं.
कॅनांच्या मधे पाटावर बसून मी बोलले:

"मी इंदू बोलतोय डेअरीची.
हत्ती आलाय. माळ्यावर कोण असंल तर खाली या.
फटाकं नगं, बॅटरी त्येच्या डोळ्यावर मारू नगा.
घरात ऱ्हावा."

मावशी, जरा हळू, निहाल म्हणाला.
हळू बोलल्यावर म्हस तरी ऐकती काय रं?

चित्रीच्या अंगाला ऐनाच्या झाडांवर पाच कॅमेरे बसले.
ते उजेड बघत नाहीत, ऊब बघतात.
निहालने दाखवलं:
काळ्या रानात एक पांढरा ढग चाललेला,
कान तेवढे करडे,
कारण कान गार असतात, तो म्हणाला.
इतक्या मोठ्या जिवाचे कान गार असतात
हे मला उगीचच दिवसभर पुरलं.

कार्तिकात घनसाळ पिकलं.
त्याचा वास माणसालाच घरात बसू देत नाही,
त्याला तर दोन कोसांवरून येत असणार.
मालक म्हणाले, निज तू, आलोच.
आणि माळ्यावर गेले.

दोन चाळीसला तिसऱ्या कॅमेऱ्यात दोन उबा:
एक ढग,
आणि शेजारी काडेपेटीतल्या काडीएवढी
आमची.
यंत्राला नाती कळत नाहीत.
त्याने दोनशे अकरा घरांत मला बोलायला लावलं
आणि मालकांच्या बंडीच्या खिशातही.

माळा उतरून ते बांधावर आलेले, वीस पावलांवर तो.
घाबऱ्या बोटांनी लाल सोडून हिरवं दाबलं,
वर स्पीकर.
"मी इंदू बोलतोय डेअरीची…"
मालक अजून सांगतात,
खिसा दाबला, उराशी धरला, तरी तू काय गप हुईनास.
हत्तीने सोंड उचलली.
माझं सगळं ऐकून घेतलं,
पार 'घरात ऱ्हावा' पर्यंत.
मग भाताचा एक ठोंब उपटला,
मुळाची माती पायावर आपटून झाडली
आणि बांध उतरून गेला.
का गेला, ते निहालच्या लॅपटॉपात नाही.

पंचनाम्यात अकरा गुंठे.
मालक आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.
आता रानात जाणाऱ्यांचे नंबर वेगळे,
त्यांना नुसती थरथर, तीनदा.
त्या यादीत पहिलं नाव मालकांचं,
पुन्हा जाणार नाही अशी जोतिबाची शपथ घेऊनसुद्धा.

हल्ली माझा आवाज मी झोपेत असताना कामावर जातो.
शेजारच्या खाटेवर सासूबाई फोन कानाला लावतात
आणि फोनातल्या मला म्हणतात,
"ऐकलं गं बाई. निज आता."

एकदा निहालला विचारलं,
आमचं त्येला कळवायची काय सोय हाय का?
इंदू बोलतोय, माणसं आल्यात तुमच्या वाटंत,
दोनशे अकरा घरं, एक डेअरी, जरा बेतानं.
तो हसला.
मग बराच वेळ चष्मा पुसत बसला.

आज सकाळी दूध कमी आलं, फॅटही उतरली.
म्हशी रात्रभर उभ्याच होत्या म्हणे,
कान टवकारून, रानाकडे तोंड करून.
त्यांना कुणी फोन केला नव्हता.